नत्थुजीचं भरगच्च तळं

नत्थुजी आमच्या भावकीतला. त्याचं नाव निघालं की आमच्याकडची माणसं अजूनही हसतात, आणि त्याच्या बायकोचं, माणिकबाईचं नाव निघालं की एकदम गप्प होतात. मला दोन्हींचा राग येतो. हसायचं तर सगळं ऐकून हसा, आणि गप्प व्हायचं तर कशासाठी ते माहीत असू द्या. म्हणून एकदाचं सगळं सरळ सांगून टाकतो.

आमचं गाव तेल्हाऱ्याच्या अलीकडे. त्या काळी रुई पोत्यात भरायची ती पायांनी. लाकडाच्या उंच चौकटीला पोतं टांगायचं, आत एक माणूस सोडायचा आणि वरून रुई टाकत राहायचं. आतल्या माणसानं ती तुडवायची आणि आपणच तुडवलेल्या रुईवर चढत चढत वर यायचं. त्याचं डोकं पोत्याच्या तोंडाशी दिसलं की पोतं भरलं. नत्थुजी चांगला काळ्या जमिनीचा धनी, दावणीला बैल, त्याला दुसऱ्याची पोती तुडवायची काहीएक गरज नव्हती. पण टांगलेलं पोतं दिसलं की त्याचे पाय शिवशिवायचे. धोतर खोचून हा गडी आत उतरायचा आणि इतर लोक ‘भरलं, भरलं’ म्हणत असताना आतून ओरडायचा, ‘‘टाका अजून! जागा हाय!’’

पोतं पक्कं झालं की नाही हे तो अंगठ्यानं बघायचा. अंगठा रोवायचा, दाबायचा आणि काढायचा. खळगा राहिला तर पोतं कच्चं, पुन्हा आत उडी. नत्थुजीनं भरलेलं पोतं अकोल्याच्या बाजारात गाडीवरून खाली टाकलं तर जमिनीला खड्डा पडायचा, पोत्याला काही होत नसे. अंगठ्याच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नाही. स्वतःच्या पोत्यालाही तो चारचौघांत कच्चं म्हणायचा.

मग अमेरिकेत लढाई जुंपली. तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि विलायतेतल्या गिरण्यांना एकाएकी आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. भाव असा चढला की लोकांना त्याचं काय करावं ते कळेना. कुणी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली, कुणी उमरावतीहून झुंबर आणून गोठ्यात टांगलं. नत्थुजीच्या डोक्यात मात्र वेगळंच शिरलं. आपलं नशीब उघडलं ते दाबून भरण्यानं, अशी त्याची खात्री झाली आणि दिसेल ते तो दाबून भरायला लागला. त्यानं एक गादी भरली ती वाकेना. तिच्यावर निजलेला माणूस सकाळी जमिनीवर सापडायचा, म्हणून शेवटी ती गोठ्याला दार म्हणून लावली. लोणच्याची बरणी त्यानं अशी ठासून भरली की चैत्रात ती फुटली आणि शेजारच्यांना वाटलं, बंदूक उडाली.

याच भरात त्यानं नवं घर बांधलं. भिंतींसाठी घरामागं पांढऱ्या मातीचा मोठा खड्डा झाला आणि शेतात नाल्याकाठी मुरमाचा दुसरा. घर झालं मोठं, नवराबायको दोघं, आणि एकुलती एक लेक जयवंता, सात-आठ वर्षांची. नत्थुजी बायकोला नावानं हाक मारत नसे, कोणीच मारत नसे तेव्हा. ‘‘जयवंताचे माय!’’ अशी त्याची हाक वेशीपर्यंत ऐकू यायची.

नव्या घरातल्या पहिल्याच उन्हाळ्यात पटकी आली आणि जयवंता गेली. सकाळी खेळत होती, सांजेला नव्हती. त्यावर जास्त लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

दुखवट्याला नातलग आले. आपल्याकडे लेकरू गेलेल्या बाईला एकटं सोडत नाहीत, चार दिवस कोणी ना कोणी जवळ बसतं. चांगली रीत आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण ही माणसं आली आणि त्यांनी बघितलं, की घर मोठं आहे, ज्वारी भरपूर आहे आणि घरधनी दारात उभा राहून म्हणतो आहे, ‘‘या, या. जागा हाय.’’ चार दिवस झाले, तेरावा झाला, पेरण्या झाल्या, कोणी हलेना. उलट नव्यानं येणाऱ्यांची गर्दी झाली. दर्यापूरकडची गोदाआत्या, म्हणजे नत्थुजीच्या बापाची बहीण, तिच्या सुना, सुनांचे भाऊ, भावांचे मेहुणे. उमरावतीहून मावसभाऊ भगवंतराव आले. यांची तिथल्या कापूसबाजारात मोठी उठबस होती असं ते सांगत. उठबस होती एवढं खरं, काम काही नव्हतं.

घर असं भरलं की दारं आतल्या बाजूला उघडेनात. एक भाचेजावई रिकाम्या कणगीत उभ्यानं झोपायचा आणि सकाळी त्याला वरून ओढून काढावं लागे. निजल्यावर कूस बदलायची तर एकट्यादुकट्याला बदलता येत नसे. गोदाआत्या अंधारातून ‘‘कूस!’’ म्हणून ओरडायची आणि ओसरीपासून माजघरापर्यंत सगळे एकदम डावीकडे वळायचे. नवीन आलेला पाहुणा चुकून उजवीकडे वळला तर सकाळपर्यंत भांडण.

माणिकबाईला रडायचं होतं. एवढंच होतं तिचं मागणं, आणि तेवढंच तिला मिळत नव्हतं. तिला एकटीनं रडायचं होतं, माजघरातल्या त्या कोपऱ्यात, जिथं जयवंता निजायची. पण तिनं डोळ्याला पदर लावायचा अवकाश, की गोदाआत्या गळा काढायची. आत्याचा आवाज ऐकून सुना धावत यायच्या, सुनांचा ऐकून शेजारणी. सगळ्या मिळून असा आकांत मांडायच्या की माणिकबाईचे अश्रू जागच्या जागी आटायचे आणि उठून त्या सगळ्यांना गूळपाणी द्यायचं काम तिच्यावरच यायचं. मग आत्या डोळे पुसत म्हणायची, ‘‘आमी हावो मनून बरं, नाई त या पोरीचं काय झालं असतं!’’ शेतात जायचं म्हटलं तरी दोघी तिच्यासोबत असायच्या, आळीपाळीनं. तिच्या हातातल्या बांगड्या सैल झाल्या, कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

एक दिवस विहिरीवर तिनं नवऱ्याला गाठलं. मागं उभ्या असलेल्या दोघी कान देऊन ऐकत होत्या, त्याला इलाज नव्हता.

‘‘मले माजघर रिकामं पायजे,’’ ती म्हणाली.

‘‘रिकामं? काऊन?’’

‘‘बसाले.’’

‘‘बसाले त ओटा हाय.’’

‘‘ओट्यावर तुमचे मामा हायेत. मले कोनी नसन असं पायजे.’’

नत्थुजी तिच्याकडे बघतच राहिला. भरल्या घरातली एक खोली रिकामी ठेवायची म्हणजे पोत्याचा एक कोपरा न तुडवता तसाच पाठवायचा. बाजारात तोंड कसं दाखवायचं? तो नुसता ‘‘पाहू’’ म्हणाला आणि मोट हाकायला गेला. त्या कोपऱ्यात त्यानं लेक गेली त्याच आठवड्यात तीन भाचे निजवले होते. त्याला तो कोपरा मोकळा बघवत नव्हता. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही, पण मला ते स्पष्ट दिसतं आणि माणिकबाईलाही दिसत असणार. तरी तिला तो हवाच होता.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला आणि घरामागचा खड्डा काठोकाठ भरला. नत्थुजीनं ते पाणी बघितलं आणि तो अस्वस्थ झाला. एवढं पाणी, आणि आत काही नाही! आमच्याकडे श्रावणभर कोणी मांसमच्छी शिवत नाही. पोळ्याला श्रावण संपतो आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे कराला, सगळं गाव त्यावर तुटून पडतं. पुढच्या कराला एवढ्या नातलगांना घालायचं काय, ही काळजी होतीच. नत्थुजीनं पूर्णाकाठच्या सोनाजी भोयाला बोलावलं आणि माशांची पिलं आणायला सांगितली.

सोनाजीनं मडकी भरून पिलं आणली, एकाच जातीची, जवसाच्या दाण्याहून थोडी मोठी. एक मडकं सोडलं, दोन सोडली आणि तो काठावर बसला.

‘‘काऊन थांबला?’’ नत्थुजीनं विचारलं.

‘‘झाले.’’

‘‘झाले कसे? जागा हाय. टाक अजून.’’

‘‘पाटील, पानी दमते.’’

‘‘पानी कुठं दमत असते बे? पानी काय बैल हाय?’’

सोनाजीला पिलांचा मोबदला मिळत होता, वाद घालण्याचा नव्हे. त्यानं खांदे उडवले आणि उरलेली सगळी मडकी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी आणखी आणली, तिसऱ्या दिवशी आणखी. नत्थुजीनं घरातल्या सगळ्यांना काठावर उभं करून आपलं म्हणणं समजावून दिलं. मोकळ्या पोत्यातली रुई कशी, पोकळ. दाबलेली कशी, घट्ट. मोकळ्या पाण्यातला मासा इकडे तिकडे हुंदडतो, त्याचं मांस ढिलं पडतं. दाटीत राहिलेल्या माशाला हलायलाच मिळत नाही, त्याचं मांस दाबून दाबून दगडासारखं होणार. भगवंतरावांनी मान डोलावली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे उमरावतीचे व्यापारीही असंच म्हणत. उमरावतीच्या व्यापाऱ्यांनी मासे कधी पाळले होते, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

माणिकबाईनं सोनाजीचं बोलणं ऐकलं होतं. ती पुढं आली. ‘‘यातले मूठभर मले द्या.’’

‘‘काय करतं?’’

‘‘शेतातल्या मुरमाच्या खड्ड्यात सोडतो. कराच्या दिवशी दोन्हीकडचे काढू. तुमचा मासा उजवा निघाला, तर मी घराबद्दल जन्मभर तोंड उघडनार नाई. माहा निघाला, तर समद्यायले आपापल्या घरी पाठवा आन् माजघर मले द्या.’’

नत्थुजी इतका हसला की त्याला काठ धरावा लागला. एवढ्या मोठ्या खड्ड्यात मूठभर पिलं! त्यानं सगळ्यांदेखत कबूल केलं. ओट्यावरचे मामाही हसले. कणगीतला भाचेजावई मात्र हसला नाही, कारण तो त्या वेळी कणगीत होता आणि त्याला काय चाललंय ते दिसत नव्हतं.

पुढलं वर्ष गावानं तळं बघण्यात घालवलं. नत्थुजी रोज पाटीभर भिजवलेली सरकी आणि कोंडा टाकायचा. पाटी पाण्याला लागायच्या आत रिकामी व्हायची. पहिले दोन महिने मासे वाढले, मग थांबले. हिवाळ्यात होते तेवढेच उन्हाळ्यात. एका पहाटे नत्थुजी काठावर गेला तर सगळं तळं तोंडांनी भरलेलं. हजारो तोंडं पाण्याबाहेर, उघडमीट करताहेत. त्याला भरून आलं. त्यानं हात जोडले आणि घरात येऊन सांगितलं, ‘‘मासे मले रामराम करून राहिले.’’ तेव्हापासून सगळे नातलग पहाटे उठून रामराम घ्यायला जाऊ लागले. गोदाआत्या तर एकेकाला आशीर्वाद द्यायची.

सोनाजी एकदा सहज आला होता. तो म्हणाला, ‘‘श्वास कोंडून राहिला त्यायचा. हवा मागून राहिले.’’

‘‘हवा पायजे तेवढी पडली बाहेर,’’ नत्थुजी म्हणाला. ‘‘या मनावं.’’

उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा त्यानं दिवसभर मोट चालवून विहिरीचं पाणी तळ्यात सोडलं. गावातली माणसं हंड्यासाठी ताटकळत उभी आणि मासे पोहताहेत. तरी रोज काही उताणे पडायचेच. काहींचे पर कुरतडलेले असायचे, शेजाऱ्याशी घासून घासून किंवा भुकेनं एकमेकांचे खाऊन. मेलेले काढून टाकले की नत्थुजी सोनाजीकडून तेवढे जिवंत आणवायचा आणि रिकामी झालेली जागा भरून टाकायचा. हा भाग सांगताना मला त्याचा फार राग येतो. गेलेल्याच्या जागी दुसरं आणून टाकलं की झालं, असं समजणारा माणूस माझ्या घरात असता तर मी त्याला विहिरीत लोटला असता. पण तो बिचारा प्रत्येक मेलेला मासा धोतराच्या सोग्यात घेऊन कडुनिंबाखाली पुरायचा, आणि ते करताना त्याचा चेहरा कसा व्हायचा तेही मी ऐकून आहे. मग लोटवत नाही.

माणिकबाई तिकडे आपल्या खड्ड्यावर जाऊन पसाभर सरकी टाकायची, बस. सोबतच्या दोघी कंटाळायच्या, कारण तिच्या तळ्यात बघण्यासारखं काहीच नसे. नुसतं पाणी, नाल्याच्या झऱ्यानं उन्हाळ्यातही टिकलेलं. क्वचित खोल कुठंतरी एखादी सावली सरकायची. ‘‘मेले असतीन,’’ आत्या घरी येऊन समाधानानं सांगायची.

पोळा झाला. कर उजाडला. बैलांच्या अंगावरचे रंग अजून ओले होते. सोनाजीनं आधी घरामागच्या तळ्यात जाळं टाकलं. जाळं ओढायला सात मामा लागले. वर्षाचा मासा वीतभरही नव्हता. डोकं मात्र भलंमोठं. बापाचं डोकं लेकराच्या अंगावर बसवावं तसं दिसत होतं. मग सगळी वरात नाल्यावर गेली. तिथं जाळ्यात थोडेच सापडले, पण एकेक हातभर, पाठीला जाड, आणि असा उसळत होता की सोनाजी चिखलात बसला.

भगवंतराव सगळ्यात आधी सावरले. ‘‘आकारात काय हाय? पैज उजव्या-डाव्याची होती. ते चवीवर ठरन. आमी पंच बसतो.’’

पंच म्हणजे घरातले सगळे. माणिकबाईचा मासा जिंकला तर ज्यांना गाठोडं उचलून चालतं व्हावं लागणार होतं, तेच न्यायाला बसले. माणिकबाईनं दोन्ही कालवणं एकाच मसाल्यात, एकाच चुलीवर, स्वतः केली. अंगणात पंगत मांडली. घरातलं झाडून सगळं माणूस बाहेर आलं, कणगीतल्यालाही काढलं.

पहिल्यांदा नत्थुजीचे मासे वाढले. वाढले म्हणजे रस्साच वाढला, कारण मासे शिजता शिजता विरघळून गेले होते. काटे तेवढे तरंगत होते आणि वास येत होता तो तळाच्या चिखलाचा. पंचांनी घास घेतला. डोळे मिटले.

‘‘कसा लुसलुशीत!’’ गोदाआत्या म्हणाली. ‘‘दात लावाचं कामच नाई.’’

‘‘मातीचा वास,’’ एक मामा म्हणाले आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे डोळे वटारले. ‘‘आपल्या मातीचा मनतो मी,’’ मामांनी घाईनं सांगितलं.

भगवंतराव भाषणाला उठले. चांगला मासा शोधावा लागत नाही, तो कालवणात सगळीकडे असतो, असं ते म्हणत होते, तेवढ्यात त्यांच्या घशात काटा अडकला. तरी ते थांबले नाहीत. एका हातानं घसा धरून दुसऱ्या हातानं ते तोंडानं बोलता येत नसलेली स्तुती करत राहिले. आत्यानं पाठीत बुक्क्या घातल्या तेव्हा काटा निघाला.

मग न्याय म्हणून दुसरं पातेलं उघडलं. तुकडे तसेच्या तसे होते, पांढरेशुभ्र, बोटानं दाबले तर पदर सुटून येणारे. एकेक घास गेला आणि अंगणात असा शुकशुकाट झाला की बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकू यायला लागला. भाचेजावयाच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘‘कसा हाय?’’ नत्थुजीनं विचारलं. त्यानं अजून काही तोंडात घातलं नव्हतं.

‘‘नीट समजलं नाई,’’ आत्या म्हणाली आणि ताट पुढं केलं. ‘‘अजून एक टाक.’’

दुसऱ्या तुकड्यानंही कोणाला समजलं नाही. मामांना तिसऱ्यानंही समजेना. भगवंतराव म्हणाले, घाईनं निकाल देणं बरं नव्हे, डोक्याकडचा भाग बघायला पाहिजे. पंच बघत राहिले, समजून घेत राहिले, भाकरीनं पातेल्याच्या कडा पुसून पुसून समजून घेत राहिले. पातेलं लख्ख झालं तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं निकाल दिला की हा मासा टणक आहे, तेलकट आहे, पचायला जड आहे आणि नत्थुजीचाच मासा उजवा.

माणिकबाई चुलीपाशी उभी होती. वर्षभर ती या दिवसाकडे बघत होती. तिनं निकाल ऐकला, आणि नवऱ्यासाठी दोन्हीकडचा एकेक तुकडा बाजूला काढून ठेवला होता तो त्याच्यापुढं आणून ठेवला. त्याचा तुकडा म्हणजे एक डोकं आणि त्याला लटकलेलं थोडंसं काहीतरी.

नत्थुजीनं सवयीनं अंगठा लावला. आपल्या माशाला दाबला. अंगठा आरपार गेला आणि ताटाला टेकला. त्यानं अंगठा धोतराला पुसला आणि दुसऱ्या तुकड्यावर ठेवला. दाबला. काढला. मांस परत जागेवर आलं, खळगा राहिला नाही. त्यानं पुन्हा दाबून बघितलं. मग घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला.

‘‘माहा मासा कच्चा हाय,’’ तो म्हणाला.

‘‘नत्थू, पंचायनं सांगतलं...’’ आत्यानं सुरुवात केली.

‘‘कच्चा हाय, आत्या. आरपार कच्चा. जयवंताच्या मायचा मासा उजवा.’’

पोरीचं नाव त्याच्या तोंडून वर्षात पहिल्यांदा निघालं. माणिकबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. नत्थुजीनं सगळ्यांकडे बघून हात जोडले. ‘‘कबूल केलं होतं. आता आपापल्या घरी जा.’’

यावर सगळ्यांचं एकमत झालं, की बाकीच्यांनी जायलाच पाहिजे. मामांनी सांगितलं, आत्याच्या सुनांच्या भावांच्या मेहुण्यांचा या घराशी संबंध काय? मेहुण्यांनी विचारलं, भगवंतराव कोणाचे कोण? भगवंतराव म्हणाले, मी तर पंच आहे, पंच कुठं जातो? आत्या म्हणाली, समदे जातीन आन् या पोरीजवळ कोन बसन, मी बसन. भाचेजावई म्हणाला, मी कोणाची जागाच अडवत नाही, मी कणगीत असतो. ताटं बाजूला सरली, बाह्या वर सरल्या आणि कराच्या दिवशी आमच्या गावानं पाहिलेलं सगळ्यात मोठं भांडण त्या अंगणात पेटलं. माणिकबाईजवळ बसायची ज्या दोघींची पाळी होती, त्या एकमेकींच्या झिंज्या धरून होत्या.

आणि घर रिकामं होतं. वर्षात पहिल्यांदा आत कोणी नव्हतं. माणिकबाईनं ते बघितलं, पाय न वाजवता उंबरा ओलांडला आणि दार लोटून घेतलं. आज ते विनासायास लागलं.

नत्थुजीला दिसलं. तो दुसरं काही न करता जाऊन दारापुढं उभा राहिला, दाराकडे पाठ करून.

थोड्या वेळानं आतून आवाज आला. आधी अगदी बारीक, मग मोठा, मग असा की भांडणारे हात हवेतच थांबले. तो आकांतासारखा नव्हता, सुरावर नव्हता, कोणाला ऐकवायचा नव्हता. नत्थुजीच्या तोंडावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, कारण त्यानं दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवलं होतं.

गोदाआत्या पदर सावरत धावत आली. मागून सुना. ‘‘सरक, नत्थू! पोरगी रडून राहिली!’’

‘‘हो.’’

‘‘एकटी रडून राहिली ना बापा!’’

‘‘रडू दे.’’

आत्यानं गळा काढण्यासाठी श्वास घेतला. नत्थुजीनं तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. तो श्वास तिनं तसाच सोडून दिला.

‘‘मंग म्या काय करू?’’

‘‘घरी जाय, आत्या.’’

आत्यानं मागं बघितलं. सुनांनी माना खाली घातल्या होत्या, भगवंतराव जोडे शोधत होते. आतलं रडणं थांबलं नव्हतं.

‘‘माहं गाठोडं आत हाय,’’ ती हळूच म्हणाली.

‘‘देतो आनून,’’ नत्थुजी म्हणाला. ‘‘तिचं होऊ दे.’’